स्मार्टवॉचवरचा आकडा आणि मुंबईतले पाणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की स्मार्टवॉचच्या जाहिरातींत पाणी दिसू लागते. कुणी तलावात सूर मारतो, कुणी धबधब्याखाली हात धरून उभा असतो, आणि दीड हजाराच्या घड्याळापासून पन्नास हजारांच्या घड्याळापर्यंत सगळ्यांच्या खाली ‘वॉटरप्रूफ’ हा एकच शब्द असतो. पुढे जुलै-ऑगस्टमध्ये हीच घड्याळे काचेच्या आत वाफ धरून, स्पीकर बसलेल्या किंवा चार्जिंग बंद पडलेल्या अवस्थेत आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर येतात. आणणारा मनापासून सांगतो की खोल पाण्यात घातलेच नव्हते, फक्त अंघोळीला काढले नव्हते. तो खरेच सांगत असतो. खोक्यावरचा आकडाही बहुधा खोटा नसतो. मात्र तो आकडा ज्या पाण्यासाठी आहे ते पाणी मुंबईकराच्या मनगटावर क्वचितच पडते. ग्राहकाचा पैसा नेमका इथे बुडतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी आकड्यांविषयी. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या घड्याळांवर आयपी६७ किंवा आयपी६८ असे लिहिलेले असते. हे आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातले आकडे. त्यात पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पहिल्या जागी ६ म्हणजे धूळ आत जात नाही. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटे बुडवून ठेवले तर नुकसान होईल इतके पाणी आत येत नाही. ८ म्हणजे त्याहून कठीण परीक्षा, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनीनेच ठरवायचे आणि सांगायचे असते. पुष्कळ ठिकाणी ते दीड मीटर आणि तीस मिनिटे असते. म्हणून आयपी६८ एवढेच वाचून काहीच कळत नाही. त्यापुढचे बारीक अक्षर वाचावेच लागते. ही परीक्षा स्वच्छ, स्थिर पाण्यात, नव्या कोऱ्या वस्तूवर होते. सातव्या पायरीच्या परीक्षेत आणखी एक अट असते, ती दुकानात कुणी सांगत नाही: पाणी आणि वस्तू यांच्या तापमानातला फरक पाच अंशांहून जास्त नसावा. ही अट का महत्त्वाची ते पुढे येईलच.

दुसरा प्रकार ५ एटीएमचा. एटीएम म्हणजे अ‍ॅटमॉस्फिअर, दाबाचे एकक. हा घड्याळांच्या वेगळ्या मानकातला, आयएसओ २२८१० मधला. पन्नास मीटर खोल पाण्याच्या वजनाइतका दाब घड्याळाने सोसला, असा त्याचा अर्थ. पन्नास मीटर खोल जाऊन या, असा नव्हे. अ‍ॅपल वॉचची सिरीज २ पासूनची मॉडेले आणि सॅमसंगची अलीकडची गॅलेक्सी वॉच या वर्गात येतात. अ‍ॅपलचे पहिले घड्याळ आणि सिरीज १ ही फक्त आयपीएक्स७ ची होती (एक्स म्हणजे धुळीचा आकडा दिलेला नाही), म्हणजे पोहण्यासाठी नव्हती. जुनी घड्याळे सेकंडहँड बाजारात अजून फिरतात, म्हणून हे लक्षात ठेवावे. स्कुबा करणाऱ्या पाणबुड्यांच्या घड्याळांचे मानक आणखी वेगळे, आयएसओ ६४२५. त्यात प्रत्येक घड्याळ स्वतंत्रपणे, ठरलेल्या दाबाच्या सव्वापट दाबाखाली तपासावे लागते. साध्या घड्याळांत नमुने तपासले तरी चालतात. तारकर्ली-मालवणला स्कुबासाठी जाताना ५ एटीएमचे घड्याळ हातात ठेवणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

दुकानदार एक गोष्ट हमखास सांगतात: पोहताना हात हलवल्याने दाब कित्येक पटींनी वाढतो, म्हणून पन्नास मीटरचे घड्याळ दोन मीटरलाही टिकत नाही. हे गणितात बसत नाही. हात सेकंदाला पाच मीटर वेगाने पाण्यात मारला, आणि एवढा वेग साधा पोहणारा गाठत नाही, तरी त्यातून येणारा जादा दाब सव्वा मीटर पाण्याइतकाच असतो. पोहताना ५ एटीएमची घड्याळे खराब होतात ती वेगळ्या कारणांनी: म्हातारे झालेले सील, पडल्यामुळे काचेच्या कडेला आलेली बारीक चीर, पाण्याखाली दाबलेले बटण. पण हेच सव्वा मीटर आयपी६७ च्या घड्याळाला भारी पडते, कारण त्याची सगळी ऐपत एक मीटरची. ‘पोहण्याचा मोड’ मेनूत आहे म्हणून ते पोहण्यायोग्य ठरत नाही. तो मोड म्हणजे फेऱ्या मोजणारे सॉफ्टवेअर. त्याचा सीलशी काही संबंध नाही.

आता खरा धोका, आणि तो घराघरांत आहे. शौचालयातला जेट स्प्रे. सात मजली इमारतीच्या गच्चीवर टाकी असेल तर तिसऱ्या मजल्यावरचा नळ तिच्या साधारण पंधरा मीटर खाली येतो. दर दहा मीटर उंचीला पाण्याचा दाब सुमारे एक बार. म्हणजे नळात दीड बार. पाइप, कोपरे, व्हॉल्व्ह यांत काही दाब खर्च होतो. एक बार उरला असे धरू. जेटच्या बारीक भोकांतून ती धार सुटते आणि वीतभर अंतरावर घड्याळाच्या कडेवर आदळते तेव्हा आदळण्याच्या जागी जवळजवळ तितकाच दाब पुन्हा तयार होतो. एक बार म्हणजे दहा मीटर खोली. निम्मा वाया गेला म्हटले तरी पाच मीटर. एक मीटरसाठी तपासलेल्या सीलवर रोज सकाळी पाच मीटरचा मारा होतो, तोही नेमका काच आणि चौकट यांच्या फटीत. वीस मजली टॉवरमध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवलेला नसेल, तर खालच्या मजल्यांवर हाच दाब पाच बारपर्यंत जातो. मारा काही सेकंदांचाच असतो, म्हणून घड्याळ पहिल्या दिवशी मरत नाही. दररोज थेंबाचा एखादा अंश आत जातो आणि दोन-तीन महिन्यांनी डिस्प्लेच्या कडेला डाग उमटतो. ग्राहकाला तेव्हा कारण आठवत नाही, कारण लक्षात राहील असे काही घडलेलेच नसते.

धारेसाठी आयपीच्या त्याच मानकात दुसऱ्या जागी वेगळे आकडे आहेत, ५ आणि ६. पाचव्या पायरीला मिनिटाला साडेबारा लिटरची धार अडीच-तीन मीटर अंतरावरून मारतात. बुडवण्याची परीक्षा पास झालेली वस्तू धारेच्या परीक्षेत पास होतेच असे नाही. दोन्ही दिल्या असतील तर दोन्ही आकडे छापायचे असतात. म्हणून आयपी६७ घड्याळ उजव्या हातात घालणाऱ्यांनी आणि डाव्या हातात घालणाऱ्यांनी आपापल्या सवयीप्रमाणे एवढे करावे: जेट ज्या हातात धरतो किंवा ज्या हातावर येतो, त्या हातातून घड्याळ काढून शर्टाच्या खिशात ठेवावे. दोन सेकंदांचे काम आहे. बाइक धुण्याचा प्रेशर पाइप, गाडीच्या सर्व्हिस सेंटरचा फवारा, वॉटर पार्कमधली घसरगुंडी यांनाही हाच नियम. तिथे ५ एटीएमचे घड्याळसुद्धा काढलेले बरे.

गिझरचे पाणी हे दुसरे कारण, आणि मघाची पाच अंशांची अट इथे लागू होते. घड्याळाच्या आत हवा असते. गरम पाण्याने अंघोळ करताना घड्याळ बेचाळीस-त्रेचाळीस अंशांपर्यंत तापते, आतली हवा प्रसरण पावते आणि थोडी बाहेर निघून जाते. मग माणूस ओल्या घड्याळासकट चोवीस अंशांवर लावलेल्या एसीच्या खोलीत येतो. आतली हवा आकसते. अठरा-एकोणीस अंशांच्या फरकाने आतला दाब सुमारे सहा टक्के घटतो, म्हणजे बाहेरच्या ओल्या कडांवर अर्ध्या मीटरहून जास्त पाण्याच्या खोलीइतका ओढा बसतो. घड्याळ पाण्यात नाही, तरी पाणी आत खेचले जाते. त्यातच उष्णतेने काच चिकटवणारी गोंदाची पट्टी मऊ पडते. वाफेची खोली आणि सौना यांना बहुतेक कंपन्या नकार देतात तो याचसाठी. गरम पाण्याची अंघोळ करणाऱ्याने घड्याळ कितीही महागाचे असले तरी बाथरूमच्या बाहेर काढून ठेवावे.

अंघोळीत साबण असतो, हेही मोजावे लागेल. माइक, स्पीकर आणि हवेचा दाब मोजणारा सेन्सर यांच्यासाठी घड्याळाला भोके ठेवावीच लागतात. त्या भोकांमागे टेफ्लॉनच्या जातीचा, अतिसूक्ष्म छिद्रांचा पातळ पडदा असतो. हवा त्यातून जाते. पाणी जात नाही, कारण पाणी स्वतःच्या पृष्ठताणामुळे छिद्राच्या तोंडाशी गोल होऊन थांबते. छत्रीच्या कापडावर थेंब घरंगळतात तसेच. साबण, शाम्पू, डिशवॉश यांनी पाण्याचा पृष्ठताण निम्म्याहून खाली येतो आणि तेच पाणी पडद्यात मुरू लागते. एकदा साबणाचा थर तिथे वाळला की पुढे साधे पाणीही तिथून वाट काढते. सनस्क्रीन, डासांचे मलम, अत्तर, केसांचे तेल आणि केसांचा रंग यांचेही तसेच. शिवाय काही द्रव्ये रबरी सीलला फुगवतात किंवा कडक करतात. भांडी घासताना, कपडे पिळताना घड्याळ मनगटावर ठेवणाऱ्यांनी पाण्याच्या खोलीचा विचार सोडून साबणाचा करावा. साबण लागलाच तर लगेच साध्या पाण्याच्या बारीक धारेखाली धरून पूर्ण निघेपर्यंत धुवावे. ‘ओल्या फडक्याने पुसले’ एवढ्याने साबण निघत नाही.

समुद्राच्या पाण्याविषयी मात्र अधिक विस्ताराने लिहायला हवे, कारण विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापासून जी घड्याळे येतात त्यांचे नुकसान बरेचदा टाळता आले असते. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. गिरगाव किंवा जुहू चौपाटीवर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून आलेल्या माणसाच्या घड्याळातले पाणी रात्री सुकते, मीठ तिथेच राहते: फिरत्या चावीच्या दांड्याभोवती, स्पीकरच्या जाळीत, पट्ट्याच्या स्प्रिंगच्या पिनेत, चार्जिंगच्या टिकल्यांवर. कोरड्या गावात हे मीठ निदान कोरडे पडून राहील. मिठाचा गुणधर्म असा की हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतून पाणी ओढून पाझरू लागते, आणि मुंबईत पावसाळाभर हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे घड्याळ टेबलावर पडलेले असले तरी त्याच्या फटीत खारे पाणी जिवंत असते आणि धातू खात राहते. मिरवणुकीतला गुलाल त्यात मिसळला की स्पीकरच्या जाळीवर चिखलाचा लेप बसतो. धुळीची परीक्षा कोरड्या भुकटीने घेतात, ओल्या गुलालाने नाही.

उपाय साधा आहे, फक्त तो त्याच रात्री करायला हवा. घड्याळ बंद करावे, पट्टा काढावा. ५ एटीएमचे असेल तर मगभर साध्या पाण्यात पाचेक मिनिटे ठेवावे, पाणी दोन-तीनदा बदलावे. फिरती चावी असेल तर बारीक धारेखाली दहा-पंधरा सेकंद ती गोल फिरवत राहावे. ओढून बाहेर काढू नये. आयपी६७ असेल तर बुडवू नये; ओल्या, पिळलेल्या सुती फडक्याने, फडके दर वेळी धुऊन, तीन-चारदा पुसावे. जाळीवर गुलाल असेल तर मऊ केसांच्या टूथब्रशने, घड्याळ उलटे धरून, हलक्या हाताने झाडावे. टाचणी, सुई, टूथपिक जाळीत घालू नये; पडदा कागदाहून पातळ असतो आणि फाटला की त्या घड्याळाचा आकडा शून्य झाला. मग स्पीकरची बाजू खाली येईल असे सुती कापडावर रात्रभर ठेवावे.

आणि त्या रात्री चार्जिंगला लावू नये. हे मुद्दाम वेगळे लिहितो. मागच्या बाजूला धातूच्या दोन किंवा चार टिकल्या असलेल्या घड्याळांत चार्जरच्या पिनांमध्ये पाच व्होल्टचा दाब असतो. त्यांच्यामध्ये खारे पाणी किंवा घाम असला की तिथे विद्युत-विघटन सुरू होते आणि धन बाजूच्या पिनेवरचा सोन्याचा पातळ मुलामा, मग आतला धातू विरघळू लागतो. काही वेळा केल्यावर पीन काळी-हिरवी पडते आणि ‘चार्ज होत नाही’ अशी तक्रार येते. पाणी आत शिरलेले नसतानाही घड्याळ निकामी होते. जिममधून घामेजल्या हाताने येऊन लगेच चार्जिंगला लावणाऱ्यांचेही हेच होते. टिकल्या सुक्या कपड्याने पुसाव्यात, काही तास जाऊ द्यावेत, मग लावावे. डाग पडलेच असतील तर कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावे. पॉलिश पेपरने किंवा ब्लेडने घासले तर उरलासुरला मुलामाही जातो. ज्यांचे चार्जिंग टिकल्यांविना, नुसते चुंबकी तबकडीवर होते, त्यांना हा त्रास नाही. घड्याळ निवडताना समुद्राकाठी राहणाऱ्याने ही गोष्ट स्क्रीनच्या आकाराच्या आधी पाहावी असे माझे मत आहे.

पाण्याचा लॉक म्हणून जे चिन्ह असते, थेंबाचे, त्याबद्दल मोठा गैरसमज आहे. ते दाबल्याने कुठलेही भोक बंद होत नाही. फक्त स्क्रीनचा स्पर्श बंद होतो, कारण पाण्याचे थेंब बोटासारखे ओळखले जाऊन आपोआप फोन लागतात, अलार्म बंद होतात, कधी आपत्कालीन कॉलही जातो. लॉक काढताना काही घड्याळे विशिष्ट आवाज काढून स्पीकरमधले पाणी बाहेर ढकलतात, तेवढा त्याचा प्रत्यक्ष फायदा. पावसात निघताना लॉक जरूर लावावा. त्याने घड्याळ अधिक खोलीसाठी तयार होते असे समजू नये.

काचेच्या आत धुके दिसले की लोक घाबरतात, पण दोन धुकी वेगळी ओळखावीत. रबराचा सील पाणी अडवतो, बाष्प पूर्णपणे अडवत नाही. जून ते सप्टेंबर मुंबईची दमट हवा हळूहळू आत मुरते. मग एसी लोकलमध्ये किंवा ऑफिसच्या थंड हवेत काच गार झाली की आत पुसट धुके येते आणि घड्याळ मनगटाच्या उबेला आले की दहा-पंधरा मिनिटांत जाते. असे क्वचित झाले तर लक्ष ठेवावे, एवढेच. थेंब दिसत असतील, धुके तासन् तास राहत असेल किंवा ठरावीक कोपऱ्यातूनच पसरत असेल तर सील गेला आहे. घड्याळजी याची एक जुनी परीक्षा करतात, ती मानकातही आहे: घड्याळ चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत तापवलेल्या तबकडीवर ठेवून काचेवर साध्या पाण्याचा थेंब टाकायचा, मिनिटभराने पुसायचा आणि खाली धुके धरले आहे का ते पाहायचे. घरी मगात पाणी भरून घड्याळ बुडवून पाहणे ही परीक्षा नव्हे.

हिंदमाता, मिलन सबवे, गांधी मार्केट अशा ठिकाणी तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले तर घड्याळ आधीच काढून झिपवाल्या पिशवीत घालावे. त्या पाण्यात गटार, तेल, डिटर्जंट सगळे असते. खोली घोट्याइतकी असली तरी ते कुठल्याच मानकातले पाणी नाही. मनगटावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळणे उलट वाईट, आत घाम साचतो. काचेसकट पूर्ण घड्याळ झाकणारी जी कव्हरे फुटपाथवर मिळतात, तीही पावसाळ्यात काढून ठेवावीत. कव्हर आणि काच यांच्यामध्ये पाणी अडकून राहते, स्पर्श चालत नाही आणि कडा दिवसभर ओल्या राहतात.

तरणतलावात पोहणाऱ्यांसाठी एवढेच की क्लोरिनच्या पाण्यातून बाहेर आल्यावर शॉवरखाली साध्या पाण्याने घड्याळ धुवावे आणि पट्टा सिलिकॉनचा ठेवावा. चामड्याचा पट्टा पाण्यासाठी नसतो, कापडी पट्टा ओला राहून कातडीला खाज आणतो.

घड्याळाचे पाणी अडवण्याचे सामर्थ्य कायमचे नसते, हे कंपन्या स्वतःच लिहितात, पण शेवटच्या पानावर. सील कडक होतात, गोंद सुटतो, आणि लोकलच्या दाराच्या दांड्यावर एकदा जोरात आपटलेले घड्याळ वरून ठीक दिसले तरी आतून गेलेले असू शकते. बॅटरी फुगली तर ती काच वर उचलते. वर्षभराने एकदा पाहणी करावी: घड्याळ उजेडात आडवे धरून काच आणि चौकट यांच्यामधली रेघ सगळीकडे सारखी आहे का बघावे, आणि कागदाची पट्टी त्या रेघेत शिरते का ते अलगद तपासावे. शिरली, तर त्या घड्याळाला हात धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांपलीकडचे पाणी वर्ज्य. बाहेर काच बदलून घेतली असेल तरीही तेच. दुकानात काच बहुधा ट्यूबमधल्या गोंदाने चिकटवतात. तो पूर्ण वाळायला एक-दोन दिवस लागतात आणि वाळल्यावरही मूळ पट्टीइतका एकसारखा बसला आहे याची खात्री दाबाच्या यंत्रावर तपासल्याशिवाय देता येत नाही. काच बदलून देणाऱ्याने हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे, बिलावर लिहून द्यावे. आमच्या व्यवसायात हे फार कमी जण करतात आणि ते बरोबर नाही.

पाणी आत गेलेच तर पहिली गोष्ट घड्याळ बंद करणे. चालते का ते पाहण्यासाठी बटणे दाबत बसू नये, चार्जिंगला लावू नये. तांदळाच्या डब्यात ठेवणे सोडून द्यावे. तांदूळ सीलबंद घड्याळातले पाणी ओढत नाही, त्याची पिठी मात्र जाळीत जाते. हेअर ड्रायर तर मुळीच नको: आम्ही काच उचकटण्यासाठी साधारण सत्तर-ऐंशी अंशांची उष्णता देतो, जवळून धरलेला ड्रायर तेच काम करतो. घट्ट झाकणाच्या डब्यात मूठभर सिलिका जेलच्या पुड्या आणि त्यात बंद घड्याळ, एक-दोन दिवस. याने बाष्प कमी होते, मीठ जात नाही. म्हणून खारे किंवा गटाराचे पाणी गेले असेल तर वाट न पाहता उघडून घ्यावे. कारागीर आधी बॅटरीची जोडणी काढतो आणि आतली सर्किटची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतो. पहिल्या दिवशी हे झाले तर घड्याळ वाचण्याची आशा असते. आठवड्याने आलेल्या घड्याळाच्या तांब्याच्या रेषा खाल्ल्या गेलेल्या असतात. घरी स्वतः उघडू नये, लिथियमची बॅटरी टोचली गेली तर पेट घेऊ शकते. घड्याळ गरम लागत असेल किंवा मागचे झाकण वर आले असेल तर ते चार्ज न करता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावे, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात नको.

शेवटी वॉरंटीविषयी, कारण खरा अन्याय तिथे आहे. जाहिरातीत पोहणारा माणूस दाखवायचा आणि वॉरंटीच्या कागदावर ‘द्रवामुळे झालेले नुकसान समाविष्ट नाही’ असे छापायचे, ही रीत आज सर्रास आहे. बऱ्याच घड्याळांच्या आत एक पांढरी टिकली असते, पाणी लागले की लाल होते. ती लाल दिसली की पुढचे बोलणे संपते. पाणी आत कसे आले, सील मुळात सदोष होता का, हे कुणी तपासत नाही. ग्राहकाने विकत घेतानाच विक्रेत्याला विचारावे: किती मीटर, किती मिनिटे, समुद्र चालतो का, आणि त्या मर्यादेत वापरून पाणी गेले तर वॉरंटी मिळेल का. उत्तर ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्यावे. बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि सर्व्हिस सेंटरची जॉबशीट जपून ठेवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा तेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, म्हणजे जवळजवळ कोणत्याही स्मार्टवॉचसाठी ते नाहीच.

कंपन्यांकडे मागणी एवढीच आहे की खोक्याच्या दर्शनी बाजूवर, मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरात, मानक, खोली, वेळ, गरम व साबणाचे पाणी चालते की नाही, आणि द्रवाच्या नुकसानीला वॉरंटी आहे की नाही, हे छापावे. आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. नव्या घड्याळांची माहिती देताना आपण किंमत, स्क्रीनचा आकार आणि बॅटरी किती दिवस चालते हे आवर्जून देता. त्याच चौकटीत ‘५ एटीएम’ किंवा ‘आयपी६८, दीड मीटर, तीस मिनिटे, द्रवाची वॉरंटी नाही’ अशी एक ओळ द्यावी.

कळावे,
आपला,
घड्याळदुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक,
गिरगाव, मुंबई